एलियन इंग्लिश मीडियमचे!

साय-फाय पिक्चरमधला एलियन कुठल्याही ग्रहावरचा असो, बहुतेक वेळा इंग्लिश फाडफाड बोलणार! १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’वाल्यांनी निदान भाषांतराचं यंत्र तरी दाखवलं, बाकी बऱ्याच जणांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना त्यात काही खटकलंच नाही. शाळेत मराठी बोललं की दंड, मग मंगळावर वेगळं काय असणार?

परवा होस्टेलवर २०१६ चा ‘अरायव्हल’ पाहिला. त्यातली भाषातज्ज्ञ बाई एलियनसमोर बोर्डावर ‘ह्यूमन’ लिहून धरते, त्यांची शाईच्या डागांसारखी गोल अक्षरं चिकाटीने शिकते. मला आजीची पत्रं आठवली. तिचं अक्षर मला लागत नाही. दोन पत्रं अजून ट्रंकेत तशीच पडून आहेत. (हा लेखसुद्धा रूममेटने तपासलाय.) सुट्टीत ती पत्रं घेऊन तिच्याचसमोर बसणार आहे.