टॉय काल्डवेल : दुसऱ्याच्या नावाखालील स्वर

१/ महाविद्यालयात असताना एका मित्राने मला एक कॅसेट भरून दिली होती. तिच्यावर बॉलपेनने लिहिले होते : 'मार्शल टकर बँड'. त्यातील 'कान्ट यू सी' गाणारा खरखरीत, व्याकूळ आवाज मार्शल टकर यांचाच, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. तो समज चुकीचा होता. त्या चुकीची ही दुरुस्ती.

२/ मार्शल टकर या बँडमध्ये कधीच नव्हते. ते साउथ कॅरोलिनातील पियानो सुरात लावणारे अंध कारागीर. स्पार्टनबर्ग येथे तालमीसाठी भाड्याने घेतलेल्या जागेच्या किल्लीवर त्यांचे नाव होते. या तरुणांनी तेच उचलले.

३/ तो आवाज टॉय काल्डवेल यांचा. जन्म १९४७, स्पार्टनबर्ग. व्हिएतनाम युद्धात मरीन म्हणून लढताना १९६८ मध्ये जखमी झाले. गिटार ते पिक न धरता अंगठ्याने वाजवीत. म्हणून द्रुत लयीतही त्यांचा स्वर टोचत नाही. १९७३ मध्ये पहिला अल्बम निघाला. बँडमधील मुख्य गायक डग ग्रे. गाणी मात्र बहुतांशी टॉय यांची.

४/ एप्रिल १९८० मध्ये त्यांचा धाकटा भाऊ आणि बँडचा बेसवादक टॉमी मोटार अपघातानंतर दगावला. पुढे काही वर्षांत टॉयही बाहेर पडले. ग्रे आणि जेरी युबँक्स यांनी बँड चालू ठेवला. नाव तिथेच राहिले. त्यात मला अन्याय दिसत नाही. नाव जिवंत ठेवणे हेही कष्टाचे काम आहे. परंतु श्रोता नावाच्या मागे जातो, माणसाच्या नव्हे.

५/ १९९२ मध्ये टॉय यांचा एकल अल्बम आला. शीर्षक एवढेच : 'टॉय काल्डवेल'. ग्रेग ऑलमन, विली नेल्सन, चार्ली डॅनियल्स असे दिग्गज त्यात सहभागी झाले. समव्यवसायी त्यांना ओळखून होते; अनोळखी होते ते आमच्यासारख्या श्रोत्यांना.

६/ २५ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, ते गेले. स्वतःच्या नावाचा दुसरा स्टुडिओ अल्बम करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही.

७/ ती कॅसेट आता वाजत नाही. तरीही मी तिच्यावरच्या नावाखाली आणखी एक नाव लिहून ठेवले आहे. उशीर झाला खरा. पण ज्याचे ऋण, त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक असावे.