गवती चहाचा ठोंब

गवती चहाला बी धरत नाही. निदान आपल्या घरांतून जो लावलेला असतो त्याला तरी नाही. तो फुलावरच क्वचित येतो. वाढवायचा तर ठोंब खणून काढायचा, मुळांसकट फुटवे सुटे करायचे आणि वेगळे लावायचे. म्हणजे आमच्या बदलापूरच्या कुळगावात, बेलवलीत, कात्रपला आज ज्या ज्या घराच्या कठड्याला गवती चहाची कुंडी आहे, तिथे तिथे कुणीतरी आपल्यातला वाटा मोडून दिलेला आहे. मधे नर्सरी आली असेल, बाजार आला असेल, पण मागे मागे जात राहिलं तर कुणाच्या तरी परसातच पोचावं लागतं. माझी सगळी बाग अशीच झाली. ज्यांनी ती करून दिली त्या माणसांबद्दल मला लिहायचं आहे.

माझा ठोंब आईचा. वडील अंबरनाथला विम्कोच्या काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला होते. दोन खोल्यांचं घर आणि मागे मोरीचं पाणी जिरेल एवढी जमीन. त्या पाण्यावर आईने अळू, कर्दळ आणि गवती चहा लावला होता. पाऊस सुरू झाला की दिवेलागणीला कुणाचं तरी पोर दारात उभं राहायचं, "काकू, दोन पाती देता?" गवती चहाची पात धारेची, ओढून तोडली तर बोट चिरतं, म्हणून आई स्वतः कात्री घेऊन उठायची. पातीला नाही म्हणायचं नाही, हा तिचा नेम होता. ठोंब मात्र ती पाऊस लागल्याशिवाय कुणाला देत नसे, आणि देताना त्याची हकिकतही द्यायची. पाती वीतभर ठेवून छाटा, नाहीतर मुळं धरायच्या आधी वरचा भार त्याला सोसत नाही. पहिले काही दिवस सावलीत. तीनेक वर्षांनी मधला भाग वाळायला लागला की खणून पुन्हा वाटा. संक्रांतीला हळदीकुंकवाला कुणाकडे गेली की उंबऱ्याच्या आत जायच्या आधी ती त्यांच्या अंगणात डोकवायची. दिलेलं झाड कसं आहे हे बघणं हा तिला आपला हक्क वाटायचा, आणि कुणाला त्याचं वावगं वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही.

लग्न होऊन मी बदलापूरला पश्चिमेला आले, तळमजल्याच्या घरात, मागे बऱ्यापैकी मोठं परस. पहिल्याच पावसाळ्यात आईने पिशवीत ठोंब पाठवला. तेव्हा गाव लहान होतं, आणि माझी बागेतली पहिली ओळख स्टेशनबाहेर झाली. तिथे पावसाळ्यात आदिवासी बाया भाजी घेऊन बसतात, अजूनही बसतात. पहिल्या सरींना शेवळं येतात आणि त्यांच्या शेजारी काकडं, कारण शेवळं घशाला खाजतात आणि काकडांच्या आंबटपणाने ती खाज मरते. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कोवळे वास्ते. पुढे करटोली. एका ठाकर बाईकडून मी वर्षानुवर्षं भाजी घेत होते. एकदा तिला सहज म्हटलं, करटोली घरी येईल का? पुढच्या वर्षी तिने फडक्यात बांधून कंद आणले. पैसे घेतले नाहीत. वर विचारलं, "नर हाय का तुज्याकडं?"

करटोलीचा नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. कंद हातात घेऊन ते कळत नाही; फूल आल्यावर कळतं. मादीच्या पिवळ्या फुलाखाली काटेरी फळाचा बारकासा आकार आधीच असतो, नराचा देठ नुसता. माझ्याकडे उगवले ते वेल मादीचे. फुलं यायची, दोन दिवसांत गळून जायची. त्याच बाईने दिलेल्या कंदांतला एक मी गल्लीपलीकडच्या काकांना दिला होता. ते रेल्वेत गार्ड होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांच्याकडचा वेल नर निघाला. करटोलीचं फूल संध्याकाळी उमलतं. जंगलात रात्रीचे पतंग ते काम करतात. घरांच्या दाटीत त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. मग काका दिवे लागताना नराची दोन-चार फुलं ओंजळीत घेऊन गल्ली ओलांडून यायचे, चष्मा कपाळावर चढवून एकेका मादीच्या फुलाला नराचं फूल अलगद टेकवायचे, आणि चहा न घेता परत जायचे. त्यांच्या वेलाला एकही करटोलं लागणार नव्हतं. आमच्याकडची पहिली भाजी अर्थातच त्यांच्या घरी गेली. पण ती गेली नसती तरी ते आले असते, याची मला खात्री आहे.

काकांचा दुसरा गुण मला याहून मोठा वाटतो. त्यांच्याकडे काय मेलं, ते ते न विचारता सांगत. लॅव्हेंडर आपल्या पावसात टिकत नाही. हवा दमट, मुळं कुजतात, नादी लागू नका. मोगऱ्याला छाटणी थंडीच्या शेवटी, पावसात नको. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर आधी साध्या पाण्याचा जोराचा फवारा, मग कडुनिंबाचं तेल, आणि ती कुंडी दुसऱ्यांपासून लांब. विकणारा माणूस फुललेलं झाड दाखवतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरही आहे. मेलेल्या झाडाची खबर देतो तो फक्त शेजारचा बागवेडा माणूस. गेल्या इतक्या वर्षांत माझी जी झाडं जगली त्यांतली निम्मी तरी दुसऱ्यांच्या मेलेल्या झाडांमुळे जगली.

मी तेव्हा उल्हासनगरला एका शाळेत शिकवत होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना ज्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवलं त्यातून हे शहर उभं राहिलं. माझ्याबरोबरच्या एका सिंधी बाईंच्या सासरच्यांनी अशाच बराकीत संसार मांडला होता. त्यांच्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत चुका असायचा. सिंध्यांच्या साईभाजीला पालकाबरोबर आंबट चुका लागतोच. मी त्यांना गवती चहा दिला, त्यांनी मला चुक्याचं बी, आणि डबाभर साईभाजी, म्हणजे बी कशासाठी पेरायचं तेही कळावं. त्या मराठी चांगली बोलायच्या, पण झाडांविषयी बोलताना सिंधीवर जायच्या, आणि मला सगळं समजायचं.

२६ जुलै २००५. मुंबईच्या पावसाच्या आठवणी सगळ्यांकडे आहेत. आमच्याकडे उल्हास नदी घरात आली. रमेशवाडी, हेंद्रेपाडा, मांजर्ली, नदीच्या अंगाची सगळी वस्ती पाण्यात होती. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो, सगळे सुखरूप होतो. पाणी ओसरल्यावर घर धुवायला घेतलं आणि कितीतरी दिवस मागचं दार मी उघडलंच नाही. उघडलं तेव्हा तिथे बाग नव्हती. गाळाचा थर, त्यावर कुणाकुणाच्या घरातलं वाहून आलेलं सामान. करटोलीचे कंद गाळाखाली कुजले होते. आईचा ठोंब वाहून गेला होता. आई त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती, म्हणून ते जास्त लागलं.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरात चिखल असताना झाडांचं काय बोलायचं? पण गौरी-गणपतीच्या आत झाडं यायला लागली. काकांचंही परस गेलं होतं, तरी त्यांनी पूर्वेला भाचीला दिलेल्या गुलाबाच्या फांद्या परत आणून आमच्यासाठी छाट कलमं केली. स्टेशनवरच्या बाईने न सांगता कंद आणले आणि या वेळी नर-मादी दोन्ही ओळखून आणले, कारण तिने त्या वेलांची फुलं पाहून ठेवली होती. आणि शाळा सुरू झाल्यावर सिंधी बाई एका डब्यात गवती चहा घेऊन आल्या. पाती वीतभर ठेवून छाटलेली. तो मी दिलेल्यातलाच, म्हणजे आईचाच. गवती चहा वाटून वाढतो, त्यामुळे नवा ठोंब हे जुन्याचं मूल नसतं, तो तोच असतो. एरवी ही गोष्ट वनस्पतिशास्त्राची. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मला रडू आवरेना.

तेव्हापासून मी एक धरून आहे. जे झाड माझ्या एकटीकडे आहे ते माझ्याकडे नाहीच. ते आणखी दोन घरांत जाईपर्यंत मला चैन पडत नाही.

पुढे आम्ही पूर्वेला कुळगावात तिसऱ्या मजल्यावर आलो, आणि मातीशिवाय बाग कशी करायची हा प्रश्न आला. त्या शोधात श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' हातात पडलं. दाभोळकर मुळात गणित शिकवणारे. त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यातली मूळ कल्पना साधी आणि माझ्या मते फार मोठी आहे: आपल्या तुकड्यावर प्रत्येकाने प्रयोग करायचा, नीट पाहायचं, मोजायचं, आणि जे दिसलं ते इतरांना सांगायचं. इथे कुणी तज्ज्ञ नाही, कुणी अडाणी नाही. द्राक्षाच्या बागाईतदारांमध्ये या विचाराने मोठं काम झालं. महाराष्ट्राच्या द्राक्षांत ही वृत्ती पुष्कळ आहे. 'तास-ए-गणेश' हे नावाजलेलं वाण कुठल्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही, ते तासगाव भागात शेतकऱ्याने थॉमसन सीडलेसच्या बागेतून निवडलेलं आहे. वेगळी दिसणारी वेल कुणीतरी डोळसपणे पाहिली आणि मग तिच्या काड्या बागेबागेत गेल्या. आमच्या गल्लीतल्या ओंजळभर नरफुलांची आणि या काड्यांची जात एकच, असं मला ते पुस्तक वाचताना वाटत राहिलं.

दाभोळकरांचा हाच विचार शहराच्या गच्चीवरही पोचला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली, आणि मग इतरांना ते शिकवलं. ती कृती हातोहात आमच्यापर्यंत आली: १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस, दिवसातून तीनदा ढवळायचं, मग दहापट पाणी घालून त्यात वाळका पाला भिजवायचा आणि थोड्या मातीबरोबर थर लावायचे. आमच्या सोसायटीत आधी कुरकुर झाली, वासाची आणि गच्चीला ओल येईल याची. विटांवर फळ्या आणि त्यावर वाफे ठेवल्यावर ती थांबली. आता खालच्या रस्त्यावरचा पाला झाडणारी बाई पोतं भरून वर आणून देते आणि जाताना पिशवीभर मिरच्या नेते. मिरची, पेरू, पपई, सीताफळ हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आलेलं. कुणीतरी बी खिशात टाकून आणलं, म्हणून आपला ठेचा आहे.

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. ती बातमी देशभर गेली. त्याच पाण्याने पश्चिमेची परसं पुन्हा धुऊन नेली, ती बातमी आमच्यापुरती होती. त्या वेळी आमची बाग तिसऱ्या मजल्यावर कोरडी होती. पाणी उतरल्यावर आम्ही पूर्वेच्या बायका रोपं घेऊन पूल ओलांडून गेलो. ज्यांच्या घरी गेलो त्यातल्या एकीने चिखलाचे हात पुसत पहिल्यांदा विचारलं, "गवती चहा आहे ना तुमच्याकडे? माझा गेला." तिला तो कुणी दिला होता हे तिला आठवत नव्हतं. मला वाटतं, हे न आठवणं हीच चांगली खूण आहे. तो सगळ्यांचा झाला होता.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला, तेव्हा आम्हा सगळ्यांना घरचं कुणी गौरवल्यासारखं झालं. त्यांनी वालाची, भाताची, भाजीची गावरान बियाणी घराघरांतून गोळा केली आणि पुन्हा घराघरांत दिली. बियाणं कुलपात ठेवून वाचत नाही, पेरून आणि देऊनच वाचतं, हे त्या करून दाखवतात. आमची धडपड त्यापुढे कुंडीएवढी आहे. दिशा तीच आहे.

काका आता नव्वदीला आले आहेत. गल्ली ओलांडणं त्यांना जमत नाही, तर त्यांचा नातू फुलं घेऊन पलीकडे जातो, आणि नराचं फूल कसं टेकवायचं हे काका खिडकीतून ओरडून सांगतात. स्टेशनवरच्या बाईच्या जागी तिची सून बसते. सिंधी बाई मुलाकडे पुण्याला गेल्या. त्यांच्या तिथल्या गॅलरीतही गवती चहा आहे, गेल्या दिवाळीला मी पाहून आले.

आणि आता वाचणाऱ्यांसाठी एक काम. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण गावात जुनी जांभळाची झाडं इमारतींना जागा देत कमी होत चालली आहेत. जांभळाचं बी साठवून ठेवता येत नाही. वाळलं की काही आठवड्यांत त्याची उगवायची ताकद जाते. ताजं पेरलं तर मात्र एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपंही निघतात. बदलापूरची जांभळं खाल तेव्हा बिया धुऊन त्याच दिवशी पिशव्यांत लावा. रोप हातभर झालं की ज्याच्याकडे जमीन आहे त्याला द्या, आणि पुढच्या पावसाळ्यात ते कसं आहे बघायला जा.