सेल गेलाय, हिशोब नाही

संपादकांनी सांगितलं, ‘जुन्या कॉम्प्युटरवर लिहा, पण सोपं लिहा.’ सोपं लिहायचा प्रयत्न करतो. तरी काही आकडे येणारच. ते गाळून बोलण्याच्या सवयीनं माणसांचं नुकसान होताना मी पाथरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बसून वर्षानुवर्षं बघतोय.

जुना कॉम्प्युटर सुरू करताना काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ असं आलं आणि तारीख 1980 सालात गेली, की आमच्याकडं निदान ठरलेलं असतं: ‘बायोस उडालं.’ त्याच्या पाठोपाठ उपायही ठरलेला: ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ निदान चूक आणि उपाय त्याहून चूक.

बायोस हा प्रोग्राम आहे. तो मदरबोर्डावरच्या स्वतःच्या चिपमध्ये असतो, त्याला सेल लागत नाही. बायोस खरोखर उडाल्यावर काय होतं ते 26 एप्रिल 1999 ला जगानं पाहिलं. त्या दिवशी सीआयएच नावाच्या व्हायरसनं असंख्य मशीनच्या बायोसच्या चिपवरच घाव घातला. तशा मशीनवर एररसुद्धा येत नव्हती, पडदा नुसता काळा. म्हणून गिऱ्हाइकाला मी सांगतो, की पडद्यावर एरर वाचता येतेय ना, मग बायोस जिवंत आहे; ती एरर तोच दाखवतोय.

मशीनची सेटिंग राहते दुसरीकडं. 1981 च्या आयबीएम पीसीत ती साठवायला अशी मेमरीच नव्हती. फ्लॉपी किती, मेमरी किती, हे बोर्डावरचे बारीक स्विच वरखाली करून सांगावं लागे. 1984 च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप आली. तिच्यात मेमरी फक्त 64 बाइट. त्यातले 14 घड्याळाच्या कामाचे, उरलेल्या 50 मध्ये मशीनची सगळी माहिती: फ्लॉपी कोणत्या जातीची, हार्ड डिस्क कोणत्या टाइपची, मेमरी किती. वीज गेल्यावर ही मेमरी, म्हणजेच सीमॉस, सेलवर टिकते. 16 ते 45 नंबरच्या बाइटांची बेरीज, म्हणजे चेकसम, पुढच्या दोन बाइटांत लिहिलेली असते. सुरू होताना बायोस ती बेरीज पुन्हा करतो आणि जुळली नाही तर तक्रार करतो. एररचा अर्थ एवढाच.

माझा खरा राग हार्ड डिस्कच्या टाइपवरून होणाऱ्या गोंधळावर आहे. त्या काळच्या बऱ्याच मशीन डिस्क आपणहून ओळखत नसत. सिलिंडर किती, हेड किती, एका ट्रॅकवर सेक्टर किती, हे बायोसच्या सेटअपमध्ये भरावं लागे. सेल गेला की हे आकडे गेले. डिस्कवरचा एक शब्दही हललेला नसतो. शेतातले हद्दीचे दगड कुणी उपटले म्हणून जमीन कुठं जात नाही, तसंच हे.

गेल्या हंगामात इथल्याच एका जिनिंगमधल्या वजनकाट्याचा 486 माझ्याकडं आला. मुनीम घाबरलेला. ‘दादा, मागच्या सालांच्या नोंदी निघतील का?’ डिस्कच्या लेबलवर स्पष्ट छापलेलं होतं: 826 सिलिंडर, 16 हेड, 63 सेक्टर, म्हणजे 426 एमबी. आधी हात घालणाऱ्यानं हे लेबल वाचलंच नव्हतं. सेटअपच्या यादीतून त्यानं टाइप 2 निवडला: 615 सिलिंडर, 4 हेड, 17 सेक्टर, 20 एमबीच्या जमान्यातला. आता बघा, डिस्कचा पहिला सेक्टर दोन्ही हिशोबांत एकाच जागी येतो, म्हणून पार्टिशनची नोंद दिसली. पण डॉस जिथून सुरू होतो तो सेक्टर होता शून्यापासून मोजत 63 व्या जागी, आणि मशीन शोधत होती 17 व्या जागी. तिथं तिला काही मिळालं नाही. मग त्यानं फॉरमॅट मारला. तेवढ्यावर थांबला असता तरी मी काढलं असतं, कारण डॉस फायलींच्या पत्त्यांचा तक्ता दोन प्रतींत ठेवतो आणि दुसरी प्रत वाचली असती. पण त्यानं वरून डॉस आणि काट्याचा प्रोग्राम पुन्हा चढवला. त्या फायली नेमक्या दोन्ही प्रतींवर जाऊन बसल्या. मी खरे आकडे भरून डिस्क सेक्टर-सेक्टर वाचली. गाडी नंबर निघाले, क्विंटल निघाले, काही नावंही निघाली. पण कोणतं वजन कोणत्या गाडीचं, हे बऱ्याच ठिकाणी जुळेना. ते तुकडे अजून माझ्याकडच्या डिस्कवर आहेत. रात्री दुकान बंद करताना कधीकधी उघडून बसतो.

2001 मध्ये एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाला आणि तालुक्यातालुक्यात कॉम्प्युटर पोचला. पोरं टायपिंग शिकली, तक्ते शिकली, ते चांगलंच झालं. सेटअपच्या निळ्या पडद्याला मात्र अजून सगळे बिचकतात. तिथं काही लिहायच्या आधी आहे ते वहीत उतरवून घ्यावं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

सेल एवढ्या लवकर कसा जातो, असं सगळे विचारतात. 2032 नंबरचा तीन व्होल्टचा लिथियम सेल काही मायक्रोअँपिअरवर वर्षानुवर्षं चालतो. पण जुन्या एटी सप्लायच्या मशीन बटण बंद केलं की पूर्ण बंद, सगळा भार सेलवर. नंतरच्या एटीएक्स मशीनना प्लगमधून थोडी वीज मिळत राहते, पण आमच्याकडं भारनियमन, आणि सुट्टीत शाळा मेन स्विचच पाडून जातात. वर परभणीचा 42 अंशांचा मे महिना. जूनमध्ये शाळा उघडल्या की माझ्याकडं मशीनची रांग लागते.

386-486 च्या बऱ्याच बोर्डांवर हा गोल सेल नसतो, आडवा निकेल-कॅडमियमचा असतो. तो नुसता मरत नाही, फुटून अल्कली सोडतो आणि बोर्डावरची तांब्याची रेष खातो. हिरवट-पांढरा थर दिसला की आधी सेल कापून काढायचा, मग तिथं पांढरा व्हिनेगर, मग स्पिरिट. काही मशीनमध्ये डॅलस कंपनीची काळी चिप असते. तिच्या पोटातच सेल असतो, वरून बदलता येत नाही. नवी जोडीची चिप मिळणं आता कठीण झालंय. मग मी तिची एक कड कानशीनं घासतो, 16 आणि 20 नंबरच्या पिना उघड्या करतो, आतल्या मेलेल्या सेलचा जोड तोडतो आणि बाहेरून 2032 चं खोकं जोडून देतो. मशीनचं झाकण लावण्याआधी डिस्कचे तीन आकडे मार्करनं आतल्या पत्र्यावर लिहितो.