शिकागोतील बिऱ्हाड

शिकागो हे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षितास बहुधा दोनच गोष्टी आठवतात : १८९३ सालची सर्वधर्मपरिषद आणि अल कपोन. पहिलीचे श्रेय विवेकानंदांस, दुसऱ्याचे चित्रपटांस. १९३२ सालच्या 'स्कारफेस'पासून हॉलिवूडने या शहरात इतक्या बंदुका झाडल्या आहेत, की तेथील माणसे मरण्यापूर्वी राहत तरी कोठे असतील, हा विचार प्रेक्षकास सुचूच नये. आम्हांस मात्र नेमका तोच प्रश्न पडतो. शिकागोस आमचे जाणे कधी झाले नाही. परंतु कादंबऱ्या, नाटके आणि चित्रपट यांच्या वाटेने तेथील पुष्कळ घरांत आम्ही डोकावलो आहोत, आणि बहुतेक ठिकाणी जागेचीच विवंचना चाललेली आम्हांस ऐकू आली.

अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही १९०६ सालची कादंबरी कत्तलखान्यांवरील म्हणून ओळखली जाते. ती वाचून अमेरिकेने मांसाचा धसका घेतला व त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. पण कादंबरीतील लिथुएनियाहून आलेले ते कुटुंब बुडते, त्यास हप्त्यांवर घेतलेले घरही तितकेच कारण असते. करारनाम्यात दडलेले व्याजाचे कलम त्यांस घरात राहावयास गेल्यावर कळते. पुढे घर हातचे जाते आणि नवा रंग चढवून ते दुसऱ्या कुटुंबाच्या गळ्यात मारले जाते.

रिचर्ड राइट यांच्या 'नेटिव्ह सन'चा (१९४०) आरंभ तर आम्ही विसरूच शकत नाही. एका खोलीत आई, दोन मुलगे व मुलगी. सकाळी उठतात तो खोलीत थोराड काळा उंदीर. थोरला मुलगा बिगर त्यास लोखंडी तव्याने मारतो. या खोलीचे भाडे आठवड्यास ८ डॉलर. पुढे बिगर ज्या श्रीमंताकडे मोटार हाकावयास राहतो, ते डाल्टनसाहेब कृष्णवर्णीयांच्या संस्थांस सढळ हाताने देणग्या देतात, त्यांच्या मुलांस टेबल-टेनिसची टेबले पाठवितात. आणि ती उंदरांची खोली त्यांच्याच कंपनीची असते! साहेब दुष्ट नाहीत. शिकागोतील कित्येक वस्त्यांच्या खरेदीखतांतच कृष्णवर्णीयांस जागा विकू वा भाड्याने देऊ नये असे कलम असे, आणि १९४८ पर्यंत न्यायालये ते बजावीत. दुसरीकडे जाता येत नाही अशा भाडेकरूकडून उंदरांसकट खोलीचे वाटेल ते भाडे घेता येते. परप्रांतात बिऱ्हाड शोधताना घरमालकाने आडनाव आणि आहार विचारल्याचा अनुभव आमच्या बऱ्याच वाचकांस असेल. तेवढ्यावरून या कादंबरीची कल्पना येईल असे समजू नये. आपल्याच देशात आडनाव सांगताच दार लागलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ती समजावून सांगण्याची गरज नाही.

१९४१ साली ऑर्सन वेल्स यांनी ही कथा रंगभूमीवर आणली. १९५१ सालचा चित्रपट मात्र बहुतांशी अर्जेंटिनात चित्रित झाला, आणि बिगरची भूमिका स्वतः राइट यांनी केली. चाळिशी उलटलेला लेखक विशीतला पोर शोभावा कसा? तरीही शिकागोची ती खोली मांडावयास इतक्या दूर जावे लागले, ही गोष्ट आम्हांस चित्रपटाहून अधिक बोलकी वाटते.

लॉरेन हॅन्सबरी यांच्या वडिलांनी १९३७ साली अशाच निषिद्ध वस्तीत घर घेतले व तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण तो तांत्रिक मुद्द्यावर, कलम तसेच राहिले. लेकीने १९५९ साली 'अ रेझिन इन द सन' हे नाटक लिहून रंगभूमीवर आणले. १९६१ मध्ये त्याचा चित्रपट झाला, आणि दोहोंत सिडनी पॉइटिए होते. विम्याचे १०,००० डॉलर आलेले, त्यांतून आई क्लायबोर्न पार्क या गोऱ्या वस्तीत घर घेते. वस्तीतर्फे एक गृहस्थ येतात. आवाज चढवीत नाहीत, केवळ घर परत विकत घेण्याची तयारी दर्शवितात. ही सभ्यता आम्हांस बंदुकीहून भयंकर वाटते. कुटुंब नमत नाही. निघताना आई खिडकीतले खुरटलेले रोप न्यावयास माघारी येते, आणि पडदा पडतो.

ती मंडळी त्या घरी पोहोचल्यावर काय झाले, हे हॅन्सबरी यांनी लिहिले नाही. ब्रूस नॉरिस यांच्या २०१० सालच्या 'क्लायबोर्न पार्क' या नाटकाचा पहिला अंक १९५९ साली त्याच घरात, विकणाऱ्या गोऱ्या कुटुंबात घडतो. दुसऱ्या अंकात २००९ साल उजाडलेले असते. वस्ती आता कृष्णवर्णीयांची आहे, आणि एका गोऱ्या जोडप्यास ते घर पाडून तेथे मोठे बांधावयाचे आहे. नव्या घराच्या उंचीवरून वाद चालला असता अंगणात खणणारा माणूस मातीने माखलेली एक जुनी ट्रंक आत ओढीत आणतो. ती पहिल्या अंकातील कुटुंबाच्या मृत मुलाची असते. मंडळींस तिच्याकडे पाहावयास सवड नसते.