दांतेचं काय होणार?

होस्टेलवर क्रिकेटवरून भांडणारे प्रत्येक मजल्यावर सापडतात. पण ‘गेमवरून काढलेली मालिका हमखास का फसते?’ या विषयावर रात्री दोनपर्यंत भांडणारे फक्त आमच्याच मजल्यावर! दुसऱ्या दिवशी सबमिशन असलं की हे भांडण जरा जास्तच रंगतं, हा भाग वेगळा. त्या भांडणात माझी एक ठरलेली बाजू आहे. ती रोज रात्री तुकड्यातुकड्यात मांडून घसा बसतो, म्हणून या वेळी एकदाची लिहूनच काढतो.

ज्या सर-मॅडमना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. ‘डेव्हिल मे क्राय’ ही जपानच्या कॅपकॉम कंपनीची गेममालिका. पहिला गेम २००१ साली प्लेस्टेशन २ वर आला, दिग्दर्शक हिदेकी कामिया. गंमत म्हणजे कामाला सुरुवात झाली होती ‘रेसिडेंट एव्हिल ४’ म्हणून. पण नायक इतका उड्या मारणारा आणि ऐटबाज निघाला की तो त्या भयकथेत मावेना, मग त्याला स्वतःचाच गेम मिळाला. या नायकाचं नाव दांते. बाप राक्षस, आई माणूस. पांढरे केस, लाल कोट, पाठीवर भलीमोठी तलवार आणि हातात एबनी व आयव्हरी नावाची दोन पिस्तुलं. धंदा राक्षस मारण्याचा, आणि दुकानाचं नाव ‘डेव्हिल मे क्राय’.

इतर गेममध्ये शत्रू मेला की विषय संपला. इथे तो कसा मारला याला मार्क असतात! पडद्याच्या कडेला अक्षर चढत जातं: डी, सी, बी, ए, मग एस, डबल एस आणि ट्रिपल एस. एकच वार पुन्हा पुन्हा केला की अक्षर चढायचं थांबतं, आणि मार खाल्ला की खाली घसरतं. म्हणजे आपल्या ओरलसारखंच समजा. तेच उत्तर तीनदा दिलं की एक्स्टर्नल चष्म्यावरून बघायला लागतात. २००५ साली आलेला तिसरा गेम तर इतका अवघड होता की जपानमधली ‘हार्ड’ पातळी अमेरिकेत ‘नॉर्मल’ म्हणून विकली गेली. पुढच्या वर्षीच्या स्पेशल एडिशनमध्ये ती सुधारली. तोच गेम २०१८ च्या एचडी कलेक्शनमधून माझ्या लॅपटॉपवर आला आणि फर्स्ट इयरच्या दोन्ही सेमिस्टरांत मुक्कामाला राहिला.

आता माझी अडचण सांगतो. मी पोखर्णीचा. परभणी-परळी रेल्वेमार्गावर आमचं स्टेशन आहे, आणि गाव ओळखलं जातं ते नृसिंहाच्या देवळावरून. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांचं ते कुलदैवत. घरी आबा, आई-बाबा आणि दहावीतली बहीण. सुट्टीत घरी गेलो की मी कोपऱ्यात बसून बटणं बडवतोय एवढंच त्यांना दिसायचं. “काय बघायलास रे एवढं?” असं आबा विचारायचे, आणि मला काही धड सांगता यायचं नाही. ज्या गोष्टीत आपण इतके बुडालो आहोत ती घरातल्या एकाही माणसाला समजावून सांगता येऊ नये, हे मला फार लागायचं. घरच्यांना बसून बघता येईल, गोष्ट म्हणून कळेल असं काहीतरी हवं होतं.

ते होतं! २००७ साली याच गेमवर बारा भागांची ॲनिमे मालिका निघाली होती. १४ जून ते ६ सप्टेंबर या काळात जपानच्या वॉवॉव वाहिनीवर ती दाखवली गेली. काढणारी संस्था मॅडहाउस, म्हणजे आदल्याच वर्षी ‘डेथ नोट’ सुरू करणारी मंडळी. दिग्दर्शक शिन इतागाकी. गेमच्या कथेवर काम केलेले बिंगो मोरिहाशी लेखकांत होते. एवढं सगळं वाचल्यावर अपेक्षा वाढणार नाहीत तर काय! उन्हाळ्याच्या सुट्टीत, गच्चीवर गाद्या टाकून, आबा मध्ये, बहीण उजवीकडे आणि लॅपटॉप पत्र्याच्या पेटीवर, अशी आमची थिएटर सजली. संवादाचं मराठी भाषांतर जागच्या जागी मी करणार होतो.

पहिल्या भागात दांतेला पॅटी नावाच्या अनाथ मुलीला सुखरूप पोचवायचं काम मिळतं. वाटेत राक्षस येतात, दांते त्यांना मारतो. दुसऱ्या भागात नवं काम, नवा राक्षस. दांते येतो, मारतो. तिसऱ्यातही तेच. मॉरिसन नावाचा दलाल काम आणतो, दांते कर्जात बुडालेला असतो, पिझ्झा खातो, स्ट्रॉबेरी संडे खातो, शेवटी उठतो आणि दोन-चार गोळ्यांत प्रकरण निकालात काढतो. भाग संपला. ज्या मारामारीसाठी आमच्या अंगठ्यांना घट्टे पडले, ती इथे अंधारात, पटकन आणि कसलाही घाम न गाळता उरकलेली.

न्यायाचं बोलायचं तर सगळंच वाईट नाही. रिकाम्या दुकानात टेबलावर पाय टाकून पडलेला दांते गेममध्ये इतका वेळ भेटत नाही, तो इथे भेटतो. त्याची आणि पॅटीची तू-तू मैं-मैं बहिणीला आवडली. चौथ्या भागात लेडी आणि ट्रिश पहिल्यांदा समोरासमोर येतात, तिथे जरा जान येते. तोशियुकी मोरिकावांचा आवाजही दांतेला शोभतो. आणि सिड नावाचा एक फुटकळ राक्षस, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, तोच शेवटच्या दोन भागांत खरं संकट होऊन उभा राहतो, ही कल्पना चांगलीच आहे. पण तोवर दहा भाग होऊन गेलेले असतात हो!

आमचे आबा तिथवर पोचलेच नाहीत. तिसऱ्या भागाच्या शेवटी त्यांनी टोपी काढून उशाशी ठेवली आणि म्हणाले, “ह्याला काय होतच नाही. मग बघायचं कामून?”

त्यांनी सहज म्हटलं आणि कूस बदलली. मी मात्र जागाच. कारण होस्टेलवर इतक्या रात्री भांडून आम्हाला जे सापडलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात काढून दिलं होतं.

बघा ना, आबा नृसिंहाची गोष्ट सांगतात. दर वैशाखात, नृसिंह जयंतीच्या सुमारास. शेवट काय होणार हे ऐकणाऱ्या लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं. तरी सगळे पुढे सरकून बसतात. का? कारण हिरण्यकश्यपूला मिळालेला वर म्हणजे अटींची यादी आहे. मरण दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. शस्त्राने नको. आबा एकेक अट बोटावर मोजतात आणि प्रत्येक अटीगणिक दार बंद होत जातं. मग संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नखं! देव सर्वशक्तिमान आहे, पण गोष्ट सांगणाऱ्याने त्यालाही अटीत बांधून टाकलंय. गोष्टीचा जीव त्या अटींत आहे.

गेममध्ये दांतेला अटी आहेत, आणि त्या आपल्या बोटांवर येऊन पडतात. तोच वार पुन्हा नको, मार खाऊ नको, हवेत असताना थांबू नको. दांते कितीही बलवान असला तरी त्याला चालवणारा मी दुबळा आहे, कधीही चुकू शकतो. धाकधूक तिथून येते. ॲनिमे काढताना कंट्रोलर हातातून गेला, म्हणजे त्या सगळ्या अटीही गेल्या. त्यांच्या जागी नव्या अटी घालायला हव्या होत्या. दांतेला काहीतरी गमावण्याची भीती हवी होती, कुठे तरी हात बांधलेले हवे होते. ते घातलंच नाही. उरला तो फक्त लाल कोट.

आता कुणी म्हणेल, गेमवरची मालिका फसणारच, माध्यमच वेगळं. हे मला मान्य नाही. २०१७ ची ‘कॅसलव्हेनिया’ घ्या, २०२१ ची ‘आर्केन’ घ्या, २०२२ ची ‘सायबरपंक: एजरनर्स’ घ्या. तिन्ही गेमवरूनच आलेल्या, आणि तिन्हींत माणसं काहीतरी गमावतात. खुद्द ‘डेव्हिल मे क्राय’वर ३ एप्रिल २०२५ ला नेटफ्लिक्सवर आठ भागांची नवी मालिका आली. कोरियाच्या स्टुडिओ मिरने केलेली, आणि तिच्यामागे कोलकात्यात जन्मलेले आदी शंकर, म्हणजे ‘कॅसलव्हेनिया’वालेच. तिच्यातल्या राजकारणावरून आमच्या मजल्यावर दोन तट पडलेत. पण तिचा सहावा भाग जवळपास संवादाशिवाय, वेगळ्याच चित्रशैलीत, दोन मुलांचं बालपण सांगतो. तो सुरू असताना खोलीत कुणी मोबाईलकडे पाहिलं नाही, हे मी स्वतः पाहिलंय. इकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ काढला. त्यात एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. उद्या त्याच्यावर कुणी मालिका काढलीच तर भाऊ सापडेल की नाही ही धास्ती शेवटपर्यंत जपावी, एवढीच विनंती.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा मालिका लावलीच नाही. कंट्रोलर बहिणीच्या हातात दिला आणि आबांना आधी अटी सांगितल्या, त्यांच्याच पद्धतीने बोटावर मोजून. तोच वार पुन्हा नाही. मार खायचा नाही. ही हिरवी पट्टी संपली की खेळ खलास. समोर होता सर्बेरस, तीन डोक्यांचा, बर्फाचा कुत्रा. बहीण चार वेळा मेली. पाचव्यांदा एक डोकं फुटलं, हिरवी पट्टी बोटभर उरली, आणि आबा चष्मा सावरत पुढे सरकले.

“दादा, तू गप बस, मला सांगू नकोस,” बहीण ओरडली. मी तर काही बोललोच नव्हतो. बोलत होते आबा.

“आता गं? आता ह्याचं काय होणार?”