गाडीत बसलं की डोकं दुखतं

मागच्या पावसाळ्यात आमच्या आईचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तुझ्या गाडीत बसलं की माझं डोकं धरतं रे." आई ८१ वर्षांची. रविवारी तिला नेरूळहून चेंबूरला मामाकडे न्यायचं, हा आमचा नेम. वय झालं, गाडी लागत असेल, असं म्हणून मी तिला निघण्याआधी उलटीची गोळी देत होतो. डॉक्टर मुलाचा उपचार!

माझंही डोकं जड व्हायचं. मी चष्म्याच्या नंबरावर ढकललं.

एका रविवारी वाशी टोलनाक्यापाशी पाऊणएक तास अडकलो. काचा बंद, एसी चालू. मामाच्या घरी पोचताच आईला उलटी झाली. ऑक्सिमीटर लावला, ९८. मी निश्चिंत. तेव्हा बायको म्हणाली, "तिघांचं डोकं एकदम कसं दुखतं? ही काय साथ आहे?"

तेव्हा मला एप्रिलमधलं गॅरेज आठवलं. खाडीच्या हवेने सायलेन्सरचा पाइप गंजला होता आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेला होता. नवा महाग, म्हणून मेकॅनिकने त्याजागी सरळ पाइप वेल्डिंग करून बसवून दिला. "पिकअप पण वाढेल, डॉक्टरसाहेब." मी बिल बघून खूश झालो. दोष त्याचा कमी, माझा जास्त.

हा कन्व्हर्टर म्हणजे धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करणारा डबा. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, तो उगाच नाही. माझ्या गाडीत तो डबा नव्हता, शिवाय नव्या पाइपचा सांधा नीट बसला नव्हता. गाडी धावताना धूर मागे जातो. ट्रॅफिकमध्ये उभी असली की तो बुडाखाली साचतो आणि फटींतून आत येतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आणि साध्या ऑक्सिमीटरला हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की हा वायू, ते कळतच नाही. म्हणून तो ९८ दाखवतो! खरं कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते, तीही लवकर. साध्या हवेत निम्मा वायू रक्तातून निघायला ४-५ तास लागतात. आमची तपासणी झालीच नाही; माझ्याकडे पुरावा आहे तो एवढाच, की दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा सांध्याभोवती काजळी होती आणि बुडाचं एक रबरी बूच गायब होतं.

गाडीत एकापेक्षा जास्त जणांना डोकेदुखी, मळमळ, गरगरणं होत असेल आणि खाली उतरल्यावर बरं वाटत असेल, तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, बाहेर पडा. कोणी गुंगीत असेल, छातीत दुखत असेल किंवा गरोदर असेल तर थेट हॉस्पिटल गाठा आणि "गाडीचा धूर" हे शब्द स्वतःहून सांगा. आम्ही डॉक्टर ते विचारतोच असं नाही.

कंपनीच्या मापाचा कन्व्हर्टर आणि नवं बूच बसवलं. पुढच्या रविवारी निघताना आईने सवयीने गोळीसाठी हात पुढे केला. मी नको म्हटलं. का नको, हे तिला सांगायला मला आणखी एक आठवडा लागला.