शॉकमधली हवा

दोन-अडीच महिन्यांपूर्वी मी पुण्यात एकाकडून सेकंडहॅन्ड फुल सस्पेन्शन सायकल घेतली. किंमत लिहीत नाही, कारण घरी सांगितलेली किंमत वेगळी आहे आणि आमची ताई हे सगळं वाचते. घेण्याचं कारण एकच, कंबर. सहा वर्षं खुर्चीत बसून कोड लिहिल्याचं फळ. पुढे शॉक, मागे शॉक, म्हणजे गादीवर बसल्यासारखं वाटणार असा माझा भाबडा समज!

ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून ती चितेगावला नेली. (चितेगाव म्हणजे पैठण रस्त्यावर, शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटर. घर तिथे, नोकरी पुण्यात. हायब्रिड झाल्यापासून महिन्यातले आठ-दहा दिवस मी गावीच असतो.) रविवारी पहाटे नक्षत्रवाडीच्या दिशेने निघालो आणि मधेच शेतातल्या गाडीवाटेला लागलो. पावसात बैलगाड्या-ट्रॅक्टरने काळ्या मातीत ज्या चाकोऱ्या पाडल्या, त्या उन्हाळ्यात दगड होतात. तर प्रत्येक चाकोरी थेट कंबरेत. तासाभराने घरी येऊन सतरंजीवर उताणा पडलो तेव्हा आई म्हणाली, "पैसे देऊन कंबर मोडून घेतलीस होय रे?"

नंतर कळलं की दोष सायकलचा नव्हता. आधीचा मालक माझ्यापेक्षा तीसेक किलोंनी जड होता आणि मागच्या शॉकमध्ये हवा त्याच्या हिशोबाची होती. माझ्या शॉकमध्ये लोखंडी स्प्रिंग नाहीच. एका छोट्या नळकांड्यात कोंडलेली हवा हीच स्प्रिंग. शिवनेरी स्टॉपवर टेकते तेव्हा फुस्स असा आवाज येतो ना, साधारण तीच जात. फरक इतकाच की बस आपली हवा प्रवाशांप्रमाणे आपोआप कमीजास्त करते आणि सायकलवाल्याला ते स्वतःच करावं लागतं.

मला वाटलं, त्यात काय, व्हॉल्व्ह तर कारच्या ट्यूबसारखाच आहे. नेली सायकल हायवेच्या पंक्चरवाल्याकडे. "दादा, एकशे साठ ठेवा." त्याने नळी लावली, जोरात फुस्स झालं आणि सायकल माझ्याखाली बसकण मारून बसली. झालं असं, की ट्रकच्या टायरात ११०-१२० पीएसआय असतं आणि त्याचा कॉम्प्रेसर तेवढ्याच बेताचा. माझ्या शॉकमध्ये त्याच्या दुप्पट. आता जिकडे दाब जास्त तिकडून हवा कमीकडे जाणार, म्हणजे शॉकमधलीच हवा उलटी त्याच्या नळीत शिरली. त्यात शॉकची जागा एवढीशी, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल इतकी, त्यामुळे सगळं एका क्षणात. "एवढी हवा ट्रकला बी नसते साहेब," असं म्हणून त्याने पैसेही घेतले नाहीत. मग पंप ऑनलाइन मागवला. शॉकचा पंप वेगळाच असतो. ३०० पीएसआयचा काटा, बारीक नळी आणि एका दट्ट्यात जेमतेम चिमूटभर हवा.

खरी गोष्ट इथून पुढे.

पप्पा इथल्याच एका कारखान्यात सत्तावीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. कारखाना बंद पडून आता सात-आठ वर्षं झाली. तेव्हापासून त्यांची हिरवी पत्र्याची हत्यारांची पेटी माळ्यावर आहे. घरातला नळ गळला तरी ते प्लंबरला फोन लावतात. त्यावर मी कधी काही बोललो नाही, आणि ते तर नाहीच नाही.

तर सॅग. आपण सायकलवर नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो, त्याला सॅग म्हणतात. माझ्यासारख्या सायकलला एकूण स्ट्रोकच्या २५ ते ३० टक्के हवा. माझा स्ट्रोक ५१ मिलिमीटर, म्हणजे १३ ते १५ मिलिमीटर. हे दबणं मुद्दाम ठेवायचं असतं. चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा त्याला खाली जायलाही जागा लागते ना! मी आपला समजत होतो की शॉक जितका कमी दबेल तितका चांगला. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. आपण बसायचं, रिंग सीलला चिकटवायची, हिसका न देता उतरायचं आणि रिंग कुठे सरकली ते मोजायचं. लिहायला सोपं आहे. भिंतीला खांदा टेकवून, बूट-हेल्मेट घालून, पाठीवर पाण्याची बॅग घेऊन (हे सगळं वजनात धरायचं) खाली वाकून रिंग कशी सरकवणार? वाकलं की वजन पुढे जातं आणि माप चुकतं. दोनदा पडलो. मग हाक मारली, "पप्पा, जरा येता का?"

ते पेपर हातात घेऊनच आले. रिंग सरकवली. मी उतरलो, फूटपट्टी लावली आणि म्हणालो, "चौदा... नाही, सोळा असेल."

"चौदा का सोळा? फूटपट्टीनं मोजायलास कामून?"

आणि आत गेले. माळ्यावर खडखडाट. आई स्वयंपाकघरातून बघत होती, पण तीही काही बोलली नाही. तेलकट फडक्यात गुंडाळलेलं व्हर्नियर घेऊन ते परत आले, चष्मा कपाळावर चढवला, दांड्याला जबडे लावले आणि म्हणाले, "सोळा पॉइंट आठ. हवा भर."

मी १६५ पर्यंत भरली. पप्पा म्हणाले, "आता दाब त्याला, हळूहळू." हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे, पण बरोबर होतं. आत दोन कप्पे असतात. मोठ्या कप्प्यात भरलेली हवा लहान, उलट्या बाजूच्या कप्प्यात जाऊन समान व्हावी म्हणून शॉक दहा-बारा वेळा सावकाश दाबावा लागतो. मी हे गाळत होतो. दाबल्यावर काटा चांगलाच खाली आला, पुन्हा भरली, पुन्हा दाबली.

पंप काढला, फुस्स. "गेली ना हवा!" पप्पा. ती नळीतली हवा असते, शॉकमधली नाही, हे मी वाचलं होतं. त्यांना पटेना. परत पंप लावला तर काटा दहाने कमी. "बघ!" आता मलाच शंका यायला लागली. मग त्यांनीच उलगडा केला. नळी रिकामी असते, लावली की शॉकमधली थोडी हवा तिच्यात जाते. म्हणजे बघायला जावं तर दाब कमी होणार. आमच्या धंद्यात याला हायझेनबग म्हणतात. हा शब्द मी त्यांना समजावून सांगितला आणि ते बरेच हसले. खूप दिवसांनी.

शेवटी १६५ ला १४.१ मिलिमीटर आलं.

रिबाउंडची लाल चकती राहिली होती. दबलेला शॉक किती वेगाने परत वर यावा, ते ती ठरवते. आधीच्या मालकाच्या जास्त हवेसाठी ती घट्ट ठेवलेली होती. हवा कमी केल्यावर शॉक वर यायला आळस करायला लागला. ओळीने खड्डे आले की एकातून सावरेपर्यंत दुसरा हजर. "दाराला क्लोजर असतो तसंच आहे हे," पप्पा म्हणाले आणि दोन टिचक्या सैल केली. ओट्याच्या पायरीवरून बसूनच खाली उतरवली. एकदा उसळली, बसली. बस्स.

एक गोष्ट मात्र त्यांनी वर ऐकवली, जी मी कुठे नीट वाचली नव्हती. "हे सकाळचं माप आहे. उन्हात ठेवून मोजू नको." रात्री हिशोब करून पाहिला. १५ अंशांना भरलेले १६५ पीएसआय ४० अंशांना १८० होतात. मराठवाड्यात राहून हे विसरणं बरं नव्हे.

पुढच्या रविवारी तीच गाडीवाट. चाकोऱ्या होत्याच, पण खाली चाकं नाचत होती आणि मी वर बसून होतो. आल्यावर सतरंजी लागली नाही. रिंग दांड्याच्या टोकापासून चार मिलिमीटर अलीकडे थांबली होती, म्हणजे जवळजवळ सगळा स्ट्रोक वापरला गेला, पण ठोकर नाही.

मी अंघोळ करून बाहेर आलो तर अंगणात सायकल नाही. पप्पा शाळेपर्यंत जाऊन परत येत होते, पायजमा मोज्यात खोचलेला. गुडघ्याच्या नावाने चार वर्षं सायकलला हात न लावलेला माणूस. उतरताना मात्र पाय अगदी हळू टाकला, हिसका न देता. मग वाकून रिंग बघितली.

"सतरा झाली रे. मला दहा-पंधरा जास्त लागतील."

पेटी अजून ओट्यावरच आहे. तिच्या झाकणाला आतून त्यांनी खडूने दोन आकडे लिहिलेत, एक माझा, एक त्यांचा.